आक्काचा ग्रह

माघ सरत आला की आमच्या निपाणीत शिंका सुरू होतात. कापलेली तंबाखू रानात वाळून झालेली असते, वखारींची दारं उघडलेली असतात, आणि वारा जरा फिरला की तंबाखूच्या उग्र धुळीचा तो खाट गावभर पसरतो. नाकात, डोळ्यांत, दोरीवरच्या धुण्यात, भाताच्या वाफेतसुद्धा. नवा माणूस हैराण होतो. आम्ही होत नाही. मी इथल्या एका ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. या दिवसांत कविता चालू असताना मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत शिंकांची एक लाट येऊन जाते. पोरं हसतात, मी थांबतो, पुन्हा वाचायला लागतो. परवा तसाच थांबलो, तर पुढची ओळ डोळ्यांसमोर असून वाचता येईना. पोरांना वाटलं, सरांच्या डोळ्यांत खाट गेला. एक मुलगी उठून खिडकी लावून आली.

आप्पा गेले ते याच दिवसांत. त्यालाही आता काही हंगाम झाले. पण माणूस तारखेनं आठवत नाही, वासानं आठवतो.

माझे वडील तंबाखूचे व्यापारी. आमचं जैनांचं घर. तंबाखू सोडाच, आप्पांनी कधी सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही. सूर्य मावळायच्या आत जेवायचं, पाणी गाळून प्यायचं, चालताना खाली बघून पाय टाकायचा. असा माणूस जन्मभर तंबाखूच्या वखारीत उभा राहिला. चिमूट उचलायची, तळहातावर चोळायची, नाकाजवळ न्यायची आणि भाव सांगायचा. म्हातारपणी त्यांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. तंबाखूमुळे का, असं मी बेळगावच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. आप्पा मात्र एवढंच म्हणाले, "ज्याच्यावर पोट भरलं त्याला नावं ठेवू नगंस."

आक्का, म्हणजे माझी थोरली बहीण सुमती, बेंगळुरात खगोलशास्त्रज्ञ आहे. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणारे ग्रह शोधायचे, त्यातही ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे, हे तिचं काम. लहानपणी आम्ही दोघं बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन मंदिरातल्या, पाठशाळेला जायचो. तिथं शिकवत की जंबूद्वीपात दोन सूर्य आहेत, दोन चंद्र आहेत, आणि त्यापलीकडच्या द्वीपांत असंख्यात सूर्य. एकदा आक्का भर वर्गात उठली आणि म्हणाली, "दुसरा सूर्य कुठाय? दाखवा." गुरुजी घरी तक्रार घेऊन आले. मला वाटलं, आता आक्काला मार बसणार. आप्पांनी गुरुजींना ताक दिलं, त्यांचं सगळं ऐकून घेतलं, आणि ते गेल्यावर आक्काला म्हणाले, "तूच हुडीक की."

ती हुडकायला लागली. आप्पांना दाखवायला मात्र तिच्याकडे कधी काही नसायचं. ते विचारायचे, सापडलं काय? ती म्हणायची, सापडतंय असं वाटतंय.

त्या हंगामात आप्पांना घास उतरेना झाला, तेव्हा मी तिला फोन केला. "मी येतो," ती म्हणाली. आमच्या भागातल्या बायका असंच बोलतात, पुरुषासारखं. बेंगळुरात निम्मं आयुष्य काढूनही तिचं ते गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती एक बॅग आणि लॅपटॉप घेऊन आली. काम तिथूनच करणार होती. तिच्या कामाला दुर्बिणीपाशी बसावं लागत नाही, हे घरात तेव्हा पहिल्यांदा कळलं. आभाळातली एक दुर्बीण हजारो ताऱ्यांचा उजेड मोजत राहते आणि ते मोजमाप कुणाच्याही टेबलावर येऊन पडतं. आक्कानं आप्पांच्या खाटेला लागून सोप्यात टेबल मांडलं. सकाळचं ऊन उंबऱ्यापर्यंत यायचं. त्या उन्हात ती असंख्यात सूर्यांपैकी एकाकडे बघत बसायची.

आप्पांनी एकदा मान उचलून पडद्याकडे बघितलं. एक आडवी ठिपक्यांची रेघ, आणि तिला ठराविक अंतरावर खळगे.

"हे काय गं?"

"एका ताऱ्याचा उजेड हाय, आप्पा. दिवसामागनं दिवस मोजलेला."

"आणि हे खड्डं?"

"तितं उजेड वाईच कमी हुतोय. परत भरतोय. परत कमी हुतोय. काहीतरी म्होरनं जातंय, ताऱ्याभोवती फिरणारं. मला वाटतंय, ग्रह हाय."

"वाटतंय? दिसत न्हाई?"

"न्हाई. ताऱ्याला इतका चिकटलाय की निराळा दिसायचाच न्हाई. निस्ता उजेड कमी हुतोय, तेवढंच."

आप्पा हसले. हसताना त्यांना दुखायचं, तरी हसले. "दिसत न्हाई आणि हाय म्हणतीस. मग दुसऱ्या सूर्यासाठी गुरुजीसंगं का भांडत हुतीस?"

मग ते रोज विचारू लागले. किती मोठा आहे? आपल्या गुरू ग्रहाएवढा. तिथलं वर्ष केवढं? दोन दिवसांचंसुद्धा नाही. आप्पांनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. "म्हंजे हितं तंबाखूचं एक पीक निघंपतोर तितं एक पिढी सरली." आक्कानं सांगितलं की त्या ग्रहाचं एकच अंग कायम ताऱ्याकडे असतं. तिकडे कधी मावळत नाही, आणि पाठीमागे कधी उजाडत नाही. लोखंडाची वाफ व्हावी इतकी आग. अंगावरची हवा सोसाट्यानं उडून चाललेली. असा ग्रह इतक्या आत जन्मत नाही बहुधा. तो जन्मतो लांब, गारठ्यात, आणि मग आत सरकत येतो.

"का येतो?"

"कुणाचा तरी धक्का लागला असंल. कुणाची तरी वढ. नक्की कुणालाच म्हाइत न्हाई."

"परत लांब जाईल?"

"न्हाई आप्पा. झालंच तर आणखी आत. लई सावकाश."

आप्पा बराच वेळ वाशांकडे बघत राहिले. मला तेव्हा आक्काचा राग आला होता. मरणाच्या वाटेवरच्या माणसाला असलं कशाला सांगायचं? आता वाटतं, त्या घरात आप्पांशी खरं बोलणारी तेवढी ती एकटीच होती. बाकी आम्ही सगळे "बरं वाटतंय न्हवं?" एवढंच विचारत होतो.

बेळगावच्या दवाखान्यात त्यांच्या नाकातून नळी घातली. ती नळी पोटात जायची आणि तिच्यातून पातळ अन्न द्यायचं. ज्या दिवशी घातली, त्याच दिवशी दुपारी एक तरुण नर्स खोलीत आली आणि सवयीनं विचारून गेली, "ऊटा आतेन्री अज्जा?" जेवण झालं का आजोबा? आप्पांनी मान हलवली. झालं म्हणून. त्यांना कुणाला अवघडून टाकायला आवडायचं नाही.

घरी आल्यावर ते मला म्हणाले, महाराजांना बोलवून आण. गावात तेव्हा एक मुनी उतरले होते. मी काय ते समजलो. माझी बायको रूपाही समजली. ती स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायला लागली, घासलेलीच भांडी.

महाराज आले, पाटावर बसले. आप्पांनी हात जोडून सल्लेखना मागितली. अन्न सोडायचं, मग दूध, मग ताक, मग पाणी. ज्याचं शरीर आता धर्माच्या कामाचं राहिलं नाही, त्यानं ते भांडण न करता खाली ठेवायचं, असा आमच्याकडचा जुना मार्ग आहे. महाराजांनी बराच वेळ आप्पांकडे बघितलं. मग म्हणाले, "घरच्यांची संमती असल्याशिवाय मी हा मार्ग सांगत नाही." मी संमती दिली. रूपानं दिली. आक्का टेबलापाशी उभी होती.

"मी देत न्हाई," ती म्हणाली.

"आक्का..." मी म्हणालो.

"डॉक्टर म्हणालेत, नळीवर काही महिनं निघतील. ते महिनं सोडायचा अधिकार तुला कुणी दिला रं?"

महाराज रागावले नाहीत. "ठीक आहे," म्हणाले आणि उठून गेले. त्या दिवसापासून मात्र घरात आवाज कमी झाले. आक्का खळगे मोजत राहिली. तिच्यापुढे एक शंका होती, आणि ती शंका तिला आमच्यापेक्षा बरी वाटत असावी. उजेड ग्रहामुळेच कमी होतो असं नाही. कधी दोन तारे एकमेकांना झाकतात आणि लांबून ते ग्रहासारखं दिसतं. कितीतरी जणांचे ग्रह असे खोटे निघतात. खात्री करायची तर तारा ग्रहाच्या ओढीनं किती डुलतो ते मोजावं लागतं. जास्त डुलला तर तो ग्रह नव्हे. परदेशातल्या एका डोंगरावरची दुर्बीण ते मोजणार होती. आक्काच्या गटातला एक जण तिकडे गेला होता. खरं तर तिनं जायचं होतं.

नळीतून अन्न घालायचं काम रूपा करायची. सकाळी, दुपारी, मावळायच्या आत. एकदा दुपारी आक्का म्हणाली, आज कमी घातलंस वाटतं. रूपानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आक्का, रोज मी घालतो. तुम्ही एकदा घालून बघा."

आक्कानं घातलं. मी उशाशी बसलो होतो. ती बोटांनी नळी धरून सावकाश ओतत होती आणि आप्पा तिच्याकडे बघत होते. लहान मुलाचं औषध घेऊन झालं की ते आईकडे बघतं, तसं. अर्धं झालं नसेल, तोच त्यांना उबळ आली. घातलेलं सगळं वर आलं, नाकातोंडातून, छातीवर. ते गुदमरले, निळे पडले. आम्ही त्यांना कुशीवर वळवलं. शांत व्हायला पुष्कळ वेळ लागला. आक्का आपल्या पदरानं त्यांचं तोंड पुसत होती.

आप्पांचा आवाज तोवर खरवडल्यासारखा झाला होता. "तुझ्यासाठी घेतलं, बाई," ते म्हणाले. "आता पुरं कर."

ती परसात गेली. नळाखाली हात धुत राहिली. आत आली तेव्हा मला म्हणाली, "महाराजांना निरोप दे." दुसरं काही नाही.

नळी काढली त्या दिवशी आप्पांचा चेहरा पुन्हा त्यांचा झाला. मी ते नाकारणार नाही. घशातून थोडं पाणी उतरायचं. चमचाभर, तेही कधी उतरायचं, कधी नाही. काही दिवस तेवढंच. मग त्यांनी पाणीही सोडलं आणि मौन घेतलं. महाराज रोज येऊन बसत. त्यांनी आम्हाला बजावून सांगितलं होतं, "मन डळमळलं, त्यांनी काही मागितलं, तर द्या. हा जुलूम नव्हे."

आणि मग लोक यायला लागले.

हे मला आधी कळायला हवं होतं. चिकोडीहून, सदलग्याहून, कोल्हापूरकडून माणसं आली. गाड्या करून आली. दारात मांडव पडला. आप्पांचा हात जोडलेला फोटो मोठा करून कुणीतरी चौकात लावला, खाली मराठीत आणि कन्नडमध्ये नाव. णमोकार मंत्र आळीपाळीनं चालू राहिला, आधी तोंडानं, मग माइकवर. बायका आप्पांच्या पायांना हात लावून तो डोळ्यांना लावायच्या. कुणी म्हणायचं, भाग्यवान घर. आक्काचं टेबल कुणीतरी उचलून माडीवर नेऊन ठेवलं होतं. ती माडीच्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची आणि खाली गर्दीत आप्पांचं फक्त डोकं तिला दिसायचं.

"मेलेल्या माणसाची यात्रा बघितली हुती," ती मला म्हणाली. "जित्याची बघितली नव्हती."

"त्यांना आवडतंय, आक्का."

"तुला काय म्हाइत? ते बोलत न्हाईत."

बाहेर वखारीत हमालांची ओरड चालू होती. हंगाम कुणासाठी थांबत नव्हता. मंत्र म्हणणारे मधेच शिंकत, आणि पुन्हा धरत.

डोंगरावरच्या दुर्बिणीकडचा निरोप आला तो सकाळी. गर्दी अजून जमायची होती, मांडवात ऊन आलं होतं. मी आप्पांच्या उशाशी होतो, दोन म्हातारे श्रावक भिंतीला टेकून मंत्र म्हणत होते. आक्का माडीवरून धडाधडा जिना उतरत आली. तिच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद आधी कधी पाहिला नव्हता. नंतरही नाही. तारा डुलला होता. जेवढा डुलायला हवा तेवढाच डुलला होता. दुसरा तारा नव्हता, चूक नव्हती. ग्रह होता.

ती खाटेपाशी गुडघ्यांवर बसली आणि आप्पांच्या कानाशी तोंड नेलं.

"आप्पा, सापडला. खरा हाय. ग्रहच हाय, आप्पा. त्याचा उजेड निघाला तवा आपल्या देशात तंबाखू आलीसुदिक नव्हती, इतका लांब हाय. पण हाय."

आप्पांनी डोळे उघडले. ते डोळे आक्कावर स्थिर झाले, हे मी नक्की सांगू शकतो. मग त्यांचे ओठ हलले. कातडी सुकून ओठ दातांना चिकटले होते, ते सुटायला वेळ लागला. मौन होतं, तरी शब्द आला. एकच.

"पाणी."

"न्हाई, आप्पा," आक्का लगेच म्हणाली. तिच्या आवाजात अजून तोच आनंद होता. "तितं पाणी कुठलं? तितं निस्ती आग."

मंत्र म्हणणारे थांबले होते. सोप्यात एवढी शांतता पसरली की मांडवाचं कापड हललेलं ऐकू आलं. आक्कानं माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघांकडे. तिच्या चेहऱ्यावरून सगळं उतरत गेलेलं मी बघत होतो. ती उठली, धडपडत आत गेली आणि तांब्या-चमचा घेऊन आली. कुणी अडवलं नाही. त्यांतला एक म्हातारा उलट म्हणाला, "दे, पोरी, दे."

तिनं चमचा आप्पांच्या ओठांना लावला. पाणी आत गेलं. क्षणभर तोंडात राहिलं. मग ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि हनुवटीवरून उशीवर गेलं. तिनं पुन्हा भरला. पुन्हा तसंच. आप्पांनी ते बाहेर सोडलं, की त्यांना गिळता आलं नाही, ते कुणालाही सांगता येणार नाही. महाराज आल्यावर त्यांनाही विचारलं. ते म्हणाले, "मला ठाऊक नाही." त्यांच्याबद्दल मला आदर वाटला तो तेव्हा.

आप्पा त्यानंतर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर गेले. त्यांना पालखीत बसवून नेलं, मांडी घालून, पाठीला फळी बांधून. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं माड्यांवरून फुलं टाकत होती. वखारीतल्या बायका डोक्यावरचा पदर तोंडावर धरून दारात उभ्या होत्या. पुष्कळ लोक जयजयकार करत होते. आक्का घरात एका कोपऱ्यात बसून राहिली, आणि रूपानं तिच्यापुढे ठेवलेलं ताट तसंच उचलून नेलं.

ग्रहाची बातमी पुढे काही महिन्यांनी बाहेर आली. शोधणाऱ्यांच्या नावांत तिचं नाव पहिलं होतं. एका मराठी पेपरचा माणूस मला फोन करून म्हणाला, सीमाभागातल्या मराठी लेकीचा सन्मान. एका कन्नड पेपरच्या माणसानं विचारलं, तुमची मातृभाषा घरात कोणती? मी दोघांनाही तिचा नंबर दिला नाही. ग्रहाला नाव मिळालं, पण ते नाव नव्हेच. अक्षरं आणि आकडे. आता त्याची हवा कसली आहे, ती किती वेगानं उडते, हे दुसरे लोक तपासत आहेत. तो उजेड अजूनही कमी होतो आणि भरतो, असं ती सांगते.

दिवसकार्य झाल्यावर मी तिला बेंगळूरच्या गाडीवर सोडायला गेलो होतो. हायवेला पुलाखाली उभे होतो. भर दुपार, ट्रक धूळ उडवत चाललेले. गाडी दिसायला लागली तेव्हा ती एकदम म्हणाली, "त्यांनी काय इचारलं रं?"

"ग्रहाचं इचारलं, आक्का."

"व्हय?"

"व्हय. तू सांगत हुतीस, म्हणून इचारलं. न्हाईतर मौन कशाला मोडतील?"

तिनं मान हलवली. मी काय करतोय ते तिला कळत होतं आणि तिला कळतंय हे मला. बॅग आत ठेवून मी खाली उतरलो. काचेमागं तिचा चेहरा दिसला, तो माझ्याकडे वळलेला नव्हता.

यंदा आमच्या प्राचार्यांच्या मनात आलं, की विज्ञानाच्या कार्यक्रमाला सुमतीबाईंना बोलवावं. गावची लेक, पोरांपुढं आदर्श. मला म्हणाले, तुमचीच बहीण, तुम्ही फोन करा. मी केला. दोन-तीन शाळांना तिनं नाही म्हटल्याचं कानांवर होतं, तरी केला.

"न्हाई येत," ती म्हणाली.

"पोरांना बरं वाटंल गं. तासभर बोलायचं, पोरं इचारतील काहीबाही, तू सांगायचं."

"तेच की." "पयला प्रश्न ठरलेला असतोय रं. कुठल्याबी शाळंत जा. ग्रह म्हटलं की पोरं पयलं एकच इचारत्यात. तितं पाणी हाय का."

ती फोन ठेवील म्हणून मी वाट बघितली, ती मी ठेवीन म्हणून बघत असावी. मग तिनंच विचारलं, रूपा कशी आहे, पोरांच्या परीक्षा कधी. मी सांगत गेलो.